तिसरं प्रूफ

स्मरणिकेचं तिसरं प्रूफ आलं तेव्हा
रामबागेतल्या छापखान्यात वीज नव्हती.
दाराशी स्टूल ओढून, उजेड कागदावर घेत
मी वाचत होतो :
‘मंडळाचा सुवर्णमहोत्सव मोठ्या ठाठामाठात पार पडला.’

माठ म्हटल्यावर मला आधी पाणीच आठवलं.
तांबडा गोल केला, समासात लिहिलं : थाटामाटात.

लखन चौरसिया, वय सव्वीस,
मराठी टाइप करतो, बोलत नाही.
म्हणाला, ‘भिया, थ में वो बात नहीं.
ठ बोलो तो छाती भरती है.
थ तो ऐसा, जैसे कोई थक गया.’

मी हसलो, पण जीभ तपासून पाहिली.
ठ टाळूवर आपटतो.
थ दातांशी येऊन थांबतो,
पाहुणा उंबऱ्यापाशी चपला काढतो तसा.

चाळीस वर्षं हा शब्द जुळवतोय,
आधी शिशाच्या खिळ्यांनी, मग पडद्यावर बघून :
लग्न थाटात, मुंज थाटात,
व्याख्यानमालेचा समारोप थाटात,
एकदा तर कुणाच्या तेराव्याचं जेवणही
(ते मी न विचारता गाळलं).
शिशाचा थ आधी गाठीपाशी झिजायचा.
मग कागदावर उमटायचं याट,
आणि तक्रार करायला कुणी यायचं नाही.
सगळे थाट असं धरूनच वाचायचे.

वीज येईना. लखननं चहा सांगितला.
‘हमारे यहाँ ठाठ दूसरा भी होता है,’ म्हणाला.
देपालपूरकडे त्याचा बाप छपरं बांधायचा.
बांबूच्या कामट्या आडव्या, उभ्या,
काथ्यानं करकचून आवळलेल्या;
कौलं चढण्याआधीचा तो उघडा सांगाडा,
ज्यातून आभाळाचे चौकोन दिसतात,
त्याला म्हणायचे ठाठ.
‘खपरैल बाद में. पहले ठाठ.’
आणि बशीत चहा ओतून फुंकर मारू लागला.

मला आमचं क्रियापद आठवलं,
जे स्मरणिकेत कधी येत नाही.
दुकान थाटतात. बिऱ्हाड थाटतात.
आईनं मल्हारगंजात थाटलं होतं :
एक स्टोव्ह, दोन पितळी डबे,
मधे जुन्या लुगड्याचा आडोसा,
आडोशापलीकडे दुसऱ्यांचं खोकणं.
मावशीला पत्रात लिहिलं,
‘आम्ही इंदुरास संसार थाटला आहे. ये.’
मावशी आली. चारी भिंती बघून झाल्यावर म्हणाली,
‘थाटलास म्हणे! थाट कुठाय?’
आई म्हणाली, ‘उभी का? त्या डब्यावर बस.
हळू. आत पोहे आहेत.’

रात्री सराफ्यातून घरी निघालो.
सोन्याच्या पेढ्यांची शटरं उतरत होती.
एका ओट्यावर पाणी मारून
एक बाई भुट्ट्याच्या किसाची कढई मांडत होती.
खाली दोन उलटे क्रेट, वर फळी, फळीवर मेणकापड,
मेणकापडाला चार कोपऱ्यांत चार वाटाण्याएवढी भोकं.
बल्ब तिनं टांगला
ज्वेलर्सच्या पाटीच्या खिळ्याला,
दोन पावलं मागे सरून पाहिला,
थोडा डावीकडे घेतला.
गिऱ्हाईक अजून एकही नव्हतं.
मी उगाच उभा राहिलो, तिचं मांडून होईपर्यंत.

स्मरणिका छापून आली.
पान सात : थाटामाटात, बिनचूक.
पान एकोणीस, आभार, शेवटून दुसरी ओळ.
कार्यवाह बर्व्यांचा सकाळीच फोन :
‘अहो, पन्नास वर्षांत असं मराठी छापलं नव्हतं!’
मी म्हटलं, नजरचूक.

लखन मान वर न करता टाइप करत होता.
प्रूफ अजून माझ्या खणात आहे.
त्या ओळीवर तांबडा गोल आहे,
गोलावर माझीच फुली :
‘मांडवाचा ठाठ उभा करणाऱ्या
सर्व कामगारांचे मंडळ ऋणी आहे.’